पान्ह्यापुरतं वासरू

शुक्रवार, १२ डिसेंबर

आले एकदाची. फुलंब्रीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की कापसाच्या शेतांमधून कच्ची वाट आहे. संघपालची मोटरसायकल तिथं इतकी नाचली, की औषधांचा डबा मांडीवर धरून मी डोळेच मिटून घेतले. तो मागे बघून म्हणाला, "ताई, कुत्र्यामांजरांची नर्स आता गायीची दाई झाली!" धाकट्या भावाला काय बोलायचं.

औरंगपुऱ्यातला आमचा जनावरांचा दवाखाना बंद होऊन दिवाळी गेली. डॉक्टर मुलाकडे कायमचे राहायला गेले, परवा त्यांनीच फोन करून हे काम माझ्या हातात दिलं. ओळखीच्या घरी गाय व्यालीय, कालवड अशक्त आहे, दर हिवाळ्यात त्यांची वासरं जातात, राहून सांभाळणारं कुणीतरी हवं आहे. मला माणसांपेक्षा मुकी जनावरं बरी कळतात. एकटीचा जीव, कुठंही राहू शकते. हो म्हटलं.

घर चांगलं नवं, स्लॅबचं आहे. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत शेवंती फुललीय. मालकीणबाई वच्छलाबाई फाटकातच उभ्या होत्या. साठीच्या असतील, पण पाठ ताठ. आधी तोंड गोड करा, वासरू कुठं पळून जात नाही, असं म्हणून त्यांनी खरवसाची वाटी हातात दिली. वेलदोडा घातलेला, गुळाचा. मी आणखी मागून घेऊन खाल्ला.

त्यांचे यजमान, कारभारी, ओसरीत उन्हाला बसलेले असतात. अंगावरून वारं गेलंय, नजरही गेलीय. जेवत नाहीत म्हणाल्या, दोन घास गिळले तर नशीब.

मला त्यांच्या मुलीची खोली दिलीय. तनुजा पुण्याला नोकरीला असते. माझा स्वेटर अगदीच विरलेला पाहून वच्छलाबाईंनी कपाटातून लेकीचा काढून दिला. विटकरी रंगाचा, हातानं विणलेला, पुढं बटणं. मी नको नको म्हणत होते. खोटं कशाला लिहू, मला भरून आलं. आमचा कप वेगळा ठेवणारी घरं मी पाहिलीत. इथं पोटच्या पोरीचा स्वेटर स्वतःच्या हातानं माझ्या अंगात घातला.

संघपाल निघताना हळूच म्हणाला, "लईच लाड चाललेत तुझे. जपून." मी त्याला चापट मारली.

रविवार, १४ डिसेंबर

कालवड तांबडी आहे, कपाळावर पांढरा टिपका. फोनवर फोटो पाहून भाचीनं, संस्कृतीनं, तिचं नाव 'चॉकलेट' ठेवलं. वच्छलाबाईंना सांगितलं तर त्या खूप हसल्या. म्हणाल्या, खाऊन टाकायचं नाव ठेवलंय की.

मी आले तेव्हा ती गोठ्यात नुसत्या सिमेंटवर पडली होती, कान बर्फासारखे. मागून पातळ हगवण, श्वासाला घरघर. गोठ्याला लागून एक रिकामी खोली आहे. ती झाडून घेतली, गव्हाच्या काडाचा पेंढा गुडघाभर अंथरला, इतका की चॉकलेट बसली की तिचे पाय आत बुडून जावेत. अंगावर गोणपाटाची झूल बांधली. उंचावरची खिडकी थोडी उघडी ठेवली, कारण मुताच्या वासानं छाती आणखी बिघडते. खालच्या खिडकीला मात्र पोतं ठोकलं, झोत नको. मीठसाखरेचं पाणी कोमट करून थोडं थोडं बाटलीनं. मग दूध. आज तिनं माझं बोट चोखलं. एवढ्याशा खरखरीत जिभेनं माझा दिवस सोन्याचा केला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मोरणीची, म्हणजे गायीची, कास भरलेली असते. मग या पिलाच्या अंगात काहीच कसं नाही? विचारलं तर वच्छलाबाई म्हणाल्या, आमच्याकडं जार पडल्याबिगर चीक पाजत नाहीत. जार, म्हणजे वार, संध्याकाळी पडला. तोवर चिकाचा खरवस झाला होता, वाटूनही झाला होता.

म्हणजे माझ्या वाटीत जे होतं, ते हिच्या तोंडचं होतं.

मी समजावलं की पहिल्या तासा-दोन तासांतला चीक हेच वासराचं औषध. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान हलवली. फार आश्चर्य वाटल्यासारखी नव्हती हलवली.

मंगळवार, १६ डिसेंबर

चॉकलेट उभी राहिली! पाय चौफेर फाकवून, डुगडुगत, पण स्वतःची स्वतः. हगवण घट्ट झाली. मोरणीला तिच्याजवळ नेलं तर तिनं चाटचाट चाटलं.

दुसरी गोष्टही आज घडली. वच्छलाबाई शेजारी गेल्या होत्या म्हणून कारभारीबाबांना गोळी द्यायला मी गेले. त्यांनी माझी बाही धरली, नाकाशी नेली, बराच वेळ वास घेत राहिले. मग म्हणाले, "तनू?" नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांनी तोंड उघडलं होतं, लहान मूल उघडतं तसं. दुधात भाकरी कुस्करून भरवली, वाटीभर खाल्ली.

वळून पाहिलं तर वच्छलाबाई दारात. कधी आल्या कळलं नाही. रडत होत्या. आता रोज तूच भरव म्हणाल्या. पहिल्यांदाच मला 'अहो ताई' सोडून 'पोरी' म्हणाल्या.

छान वाटलं. तरी रात्रभर त्या बाहीला वेगळाच वास येतोय असं वाटत राहिलं. डांबरगोळ्यांचा, आणि त्याखाली मिठाचा.

गुरुवार, १८ डिसेंबर

पहाटे दाट धुकं. चॉकलेटच्या खोलीत गेले तर पेंढा ओला. नुसता दमट नाही, पाणी ओतल्यासारखा चिंब. खालच्या खिडकीचं पोतं निघालेलं, गार वारा सरळ तिच्या अंगावर. ती कोपऱ्यात थरथरत होती.

वच्छलाबाई म्हणाल्या, दव पडलं असंल. छताखाली दव? मग म्हणाल्या, वासरानंच धडपड करून पोतं काढलं असंल, झूलसुद्धा तिनंच सोडली असंल.

झूल गव्हाणीवर होती. घडी घालून ठेवलेली. चौकोनी, काठाला काठ जुळवून.

सगळा पेंढा बदलला. तिचं अंग टॉवेलनं पुसून माझ्या मांडीवर घेऊन बसले. ताप परत चढलाय. इंजेक्शन दिलं. दाराला कडी आहे, आता माझं कुलूप लावणार.

शुक्रवार, १९ डिसेंबर

दूध डेअरीला पोचवणाऱ्या मालनबाई आज कॅन भरताना माझ्याकडे सारख्या बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सेटर भारी दिसतोय मॅडम." मी सांगितलं तनुजाचा आहे, ती पुण्याला असते ना.

त्या म्हणाल्या, "व्हय. पुण्यालाच म्हणायचं."

आणि कॅनचं झाकण दाबत, माझ्याकडे न बघता, बोलतच राहिल्या. मागच्या हिवाळ्यातबी अशीच एक आली होती, मोनाली म्हणून. वासरासाठीच. लई हसरी. हाच सेटर अंगात. मग गेली म्हणत्यात. पण गेली तर चपला सोडून कशी गेली बाई? उंबऱ्यापाशीच होत्या, पार उन्हाळ्यापर्यंत. मी विचारलं, तनुजाला शेवटचं कधी पाहिलं? तेवढ्यात वच्छलाबाई ओसरीतून म्हणाल्या, "मालन, दूध नासंल गं उन्हानं." ऊन कुठं होतं, धुकंसुद्धा विरलं नव्हतं. मालनबाईंनी गाडीला किक मारली.

आल्यापासून तनुजाचा एकही फोन आलेला मी ऐकला नाही. आठवून पाहिलं. एकही नाही.

रविवार, २१ डिसेंबर

हे नीट लिहायला हवं.

दुपारी पेंढा आणायला कडब्याच्या खोलीत गेले. नेहमी वच्छलाबाईच काढून देतात, आज त्या ओढ्यावर होत्या. पेंढ्या ओढता ओढता मागची रांग ढासळली. मागं वासरं उभी होती.

उभी, म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली. एक काळं, एक बांडं, दोन तांबडी. पाय बांबूचे. डोळ्यांच्या जागी शिवण. पोटाखाली आडव्या टाक्यांची लांब ओळ, अगदी सारख्या अंतरावर. मीठ, हळद, कडुलिंब, डांबरगोळ्या. बाहीला येणारा वास.

मी किंचाळले नाही. मला ठाऊक होतं हे काय असतं. वासरू मेलं की गाय दूध चोरते. मग कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करायचं, पाठीवर मीठ चोळायचं. ती चाटते, पान्हा सोडते. घरात आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. कडुबा आजोबांच्या वाट्याला गावानं हेच काम दिलेलं होतं, मेलेली जनावरं ओढायची, सोलायची. बाबासाहेबांचं ऐकून त्यांनी ते टाकलं. गावानं पाणी तोडलं तेव्हा शहरात येऊन हमाली केली. पण सुरीला पुन्हा हात लावला नाही. आमच्या घरात ही गोष्ट वारशासारखी जपलेली आहे.

वच्छलाबाई मागं येऊन उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पूर्वी तुमचीच माणसं करायची हे. आता कुणी येत नाही.

मी म्हटलं, टाकलं ते बरंच केलं त्यांनी.

त्या म्हणाल्या, "बरंच केलं की. मग मी शिकले. बाईमाणसाला शिवण तर येतीच."

मी विचारलं, वासरू जगवलं तर हे करायची वेळच येणार नाही ना? त्यावर त्या पेंढ्या परत रचता रचता सांगत होत्या, भाजीला फोडणी कशी द्यायची हे सांगावं तशा: जितं वासरू आजारी पडतं. दूध पितं. मोठं होतं, विकावं लागतं, जातं. हे कुठं जात नाही.

मी म्हटलं, गायीला फसवायचं?

"तिला कळत नाय व्हय? सगळं कळतं. पहिल्या दिवशीच कळतं. तरी सोडती पान्हा." माझ्या स्वेटरवरची काडी त्यांनी हलकेच उचलली. "चाटायला काहीतरी लागतं पोरी."

सोमवार, २२ डिसेंबर

संघपालला फोन केला. सगळं नाही सांगितलं, वेड लागलं म्हणेल. एवढंच म्हटलं की मला आणि वासराला घेऊन जा. पंचवीसला वस्तीत कार्यक्रम आहे, सगळी जबाबदारी त्याच्यावर, सव्वीसला सकाळी छोटा टेम्पो घेऊन येतो म्हणाला. "वासराला कुठं ठेवायचं ताई, गच्चीवर?" हो म्हटलं, गच्चीवर. मीही तिथंच राहीन.

आत्ता एकटी निघून जाऊ शकते. पण मी गेले तर चॉकलेट उरणार नाही. तिचा जीव माझ्या कुलुपावर आहे.

ती आज बरी आहे. माझ्या काखेत तोंड खुपसून झोपली.

मंगळवार, २३ डिसेंबर

स्वेटर धुवायला काढत होते. वच्छलाबाईंनी हात धरला. धुऊ नको, वास जातो.

काल वरचं बटण तुटलं होतं, ते त्यांनी अंगावरच शिवलं. मी म्हटलं काढून देते. नको म्हणाल्या, लागायचं नाही. खरंच लागलं नाही. दोरा दातानं तोडताना त्यांचं तोंड माझ्या गळ्याशी होतं.

चॉकलेटला इंजेक्शन देताना सुई माझ्या बोटात गेली. चांगली खोल. रक्त आलं नाही. दाबून पाहिलं. नाही.

थंडी वाजत नाही. ते दोघं शेकोटीपाशी, आणि मी ओसरीत अनवाणी. मला वाटलं सवय झाली.

बुधवार, २४ डिसेंबर

इंजेक्शनं संपली. फुलंब्रीला जावंच लागलं. कुलूप लावून, किल्ली कमरेला. जाताना चॉकलेटनं हंबरून हाक मारली, पहिल्यांदाच. एवढा बारीक आवाज.

दुपारी परतले. चॉकलेट गोठ्यात मोरणीपुढं उभी! ताठ, चारी पायांवर, अंगावर नवी झूल. मोरणी तिची पाठ चाटत होती, धार नुसती लागली होती. मी धावत गेले, तिला मिठी मारली. वच्छलाबाई म्हणाल्या, कडी सैल होती, आली बाहेर आपली आपण. बघ, बरी झाली तुझी पोर.

संध्याकाळी बाटली दिली. तोंड उघडलं नाही. बोट दिलं. चोखलं नाही.

उचलून घेतलं. आल्यापासून रोज उचलतेय मी तिला. सुपासारखी हलकी.

झुलीखाली हात घातला. घालायला नको होता. टाके. एकसारखे.

ओक्साबोक्शी रडले. मग तिनं कान हलवला.

वारा नव्हता. मी पाहिलं. कान हलवला आणि मान माझ्याकडं —

गुरुवार, २५ डिसेंबर

संघपालला फोन करायचा आहे. फोनला माझं बोट कळत नाही. अंगठा ठेवते, उघडत नाही. आकडे दाबते, काच ऐकत नाही. सगळी बोटं करून पाहिली. दगड फिरवल्यासारखं.

चालत जाईन म्हटलं. चपला उंबऱ्यापाशी आहेत. तिथवर जाते आणि —

बाबा हाक मारतात. "तनू." मी ओ देते. तोंडातून आपोआप. मग भरवते. त्यांनी आज माझा हात चाटला. अंगावर शहारा यायला हवा होता. आला नाही.

त्यांनाही कळतं. पहिल्या दिवसापासून. त्यांच्या आंधळ्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणाले, "तू ती न्हाईस. तरी बस."

जेवले नाही परवापासून. भूक नाही.

स्वेटरची बटणं निघत नाहीत. ओढलं की माझंच अंग ताणलं जातं. आत हात घालून चाचपलं. बरगडीखाली — ओळ आहे. उद्या सकाळपर्यंत फक्त. संघपाल येतोय. त्याला दिसेल. लहानपणी एका ताटात जेवलोय, त्याला माझा —

शुक्रवार, २६ डिसेंबर

टेम्पो. आवाज आला. फाटकाशी आहे तो.

पेन चालतं अजून. तेवढंच.

वच्छलाबाई सांगताहेत, विशाखा कालच गेली बाबा, एसटीनं, तुला फोन केला नाही व्हय? तो चिडलाय. म्हणतो, ताई अशी जाणार नाही. शाब्बास. आत ये. चपला बघ माझ्या, उंबऱ्यापाशीच —

आला. ओसरीत. समोर. दोन हातांवर.

माझ्याकडं बघितलं त्यानं. सरळ डोळ्यांत. हात जोडले. म्हणाला, "नमस्कार. तुम्ही तनुजाताई ना? माझी बहीण काही बोलली का हो तुमच्याशी?"

मी तोंड उघडलं. घशात काड्या. कोरड्या. आवाज नाही, नुसती सळसळ. तो वाट बघत होता. मग मान खाली घालून वळला.

गोठ्यातून चॉकलेट हंबरली. बारीक. तिला माहीत आहे मी कोण.

तो पायरीवर थांबलाय. ऐकतोय. अजून गेला नाही. उठायचं. बाही धरायची त्याची. आत्ता —

बाबांनी तोंड उघडलंय. वाटी माझ्या हातात आहे. एवढा एक घास भरवते, मग लगेच त्याला हाक मा